कामाच्या ठिकाणी होणारा छळ: माणसाला काय भोगावं लागतं आणि कंपनीला काय मोजावं लागतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. ज्यांना त्रास होतोय ती, आणि ज्यांच्या टेबलावर तक्रार येऊन पडली आहे ती. दोघांचे प्रश्न मुद्दाम एकत्रच ठेवले आहेत, कारण उत्तरं वेगळी केली की दोघंही एकमेकांची बाजू वाचत नाहीत.

बॉस कडक असणं आणि बॉसने छळणं यात फरक काय?

कडक बॉसला काम हवं असतं. तो म्हणेल, ‘या अहवालात तीन आकडे चुकलेत, उद्या दुपारपर्यंत नीट करून दे.’ आवाज चढलेला असेल, ऐकायला बरंही वाटणार नाही, पण बाहेर पडताना पुढे काय करायचं हे तुम्हाला ठाऊक असतं. छळणारा तोच अहवाल मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उचलून धरतो आणि म्हणतो, ‘तुझ्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.’ काय चुकलं ते सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, ‘हेही मीच सांगायचं का?’ पुढच्या आठवड्यात तेच काम, तसंच केलेलं, दुसऱ्या कुणाचं असलं तर चालतं.

ओळखायला सोपी अशी दोन माणसं क्वचितच भेटतात, हे मान्य. म्हणून तीन गोष्टी तपासा. वागणूक पुन्हा पुन्हा होते का? ज्याला त्रास होतोय त्याला स्वतःचा बचाव करणं अवघड आहे का? आणि त्यातून त्याचं काम, तब्येत किंवा प्रतिष्ठा खालावते आहे का? स्वीडनमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी 1980 च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांनी मोजमापासाठी आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने अशी अट ठेवली होती. ती संशोधनासाठी आहे. सहा महिने भरायची वाट बघून मग तक्रार करायची, असा तिचा अर्थ कुणी लावू नये. काही एचआरवाले लावतात.

साहेब एकदाच ओरडले, तो छळ झाला का?

सहसा नाही. माणूस आहे, एखादा दिवस वाईट जातो. पण अंगावर धावून जाणं, मारहाण, धमकी या गोष्टी एकदाच घडल्या तरी गंभीरच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2019 च्या करार क्रमांक 190 मध्येही हिंसा आणि छळाच्या व्याख्येत ‘एकदा घडलेलं किंवा वारंवार घडणारं’ असे दोन्ही प्रकार धरले आहेत.

यात नेमकं काय काय येतं? आमच्याकडे तर कुणी शिवीही देत नाही.

शिवी देणारा परवडला, तो निदान पकडला जातो. लेमन यांनी अशा वागण्याचे 45 प्रकार नोंदवले होते आणि त्यातले बरेचसे आवाज न करणारे आहेत.

एका आठवड्याचं उदाहरण घेऊ. सोमवारी टीमच्या मीटिंगचं आमंत्रण सगळ्यांना जातं, एकीला जात नाही. ‘अरे, राहून गेलं वाटतं.’ मंगळवारी तिने सहा महिने सांभाळलेला क्लायंट दुसऱ्याकडे जातो आणि तिला ते क्लायंटकडूनच कळतं. बुधवारी एक किरकोळ चूक दाखवणारा ईमेल येतो, सीसीमध्ये चार वरिष्ठ. गुरुवारी ती बोलायला लागली की समोरचा मोबाइल काढतो. शुक्रवारी संध्याकाळी निघायच्या वेळी सोमवारी सकाळी हवं असलेलं काम येतं, आणि सोमवारी ते कुणी उघडूनही बघत नाही.

यातली एकच गोष्ट उचलून कुणाला सांगितली तर ऐकणारा म्हणणार, ‘एवढं काय मनावर घेतेस?’ आणि त्या एका गोष्टीपुरतं ते बरोबरही असतं. छळाची ताकद इथेच आहे. प्रत्येक घटना इतकी लहान की तक्रार करणाराच हास्यास्पद दिसावा.

याशिवाय पाणउतारा, टोमणे, अफवा, श्रेय लाटणं, लायकीपेक्षा खालचं काम देणं किंवा कामच न देणं, अशक्य डेडलाइन, रजेवर असताना सतत फोन, वैयक्तिक आयुष्यावर शेरे आणि सगळ्यांनी मिळून वाळीत टाकणं.

हे फक्त वरिष्ठच करतात का?

नाही. वरिष्ठांकडून होण्याचं प्रमाण बऱ्याच पाहण्यांमध्ये जास्त दिसतं, पण सहकारी करतात आणि हाताखालचे लोकही करतात. नवीन आलेल्या मॅनेजरला जुन्या टीमने ठरवून माहिती न देणं हा त्यातलाच प्रकार. हातात खुर्ची नसली तरी ताकद असू शकते: माहिती कुणाकडे आहे, कुणाची ओळख वरपर्यंत आहे, टोळी कुणाची आहे.

माझ्याच वाट्याला का आलं? माझ्यातच काही कमी आहे का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, आणि छळाचा तो एक परिणामच आहे. ‘बळी पडणारा स्वभाव’ असं काही असतं ही कल्पना लेमन यांना मुळीच मान्य नव्हती. त्यांच्या मते दोष आधी कामाच्या रचनेत शोधायला हवा. पुढच्या संशोधनात चित्र थोडं गुंतागुंतीचं झालं, पण मुख्य मुद्दा टिकला आहे. कोणी काय करायचं हे स्पष्ट नसणं, कंपनीत फेररचना किंवा नोकरकपात चालू असणं, कामाचा बेसुमार बोजा आणि कशातच लक्ष न घालणारा वरिष्ठ, अशा ठिकाणी छळ रुजतो.

शेवटच्या प्रकाराकडे लोकांचं फार दुर्लक्ष होतं. ‘तुमचं तुम्ही बघून घ्या’ म्हणणारा साहेब स्वतः कुणाला दुखवत नाही, सगळ्यांना तो भला माणूस वाटतो. पण नॉर्वेतल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवून दिलं की असं हात झटकून बसणारं नेतृत्व निरुपद्रवी नसतं. भांडणं वाढतात, भूमिकांचा गोंधळ वाढतो आणि त्यातून छळाला जागा मिळते.

बाकी, छळ कामात मागे पडणाऱ्यांचाच होतो असं अजिबात नाही. ज्याच्यामुळे दुसऱ्याला असुरक्षित वाटतं तोही निशाण्यावर येतो, आणि चुकीवर बोट ठेवणारा तर हमखास.

तब्येतीवर खरंच परिणाम होतो, की हे सगळं मनाचं असतं?

मनाचं असलं तरी ते खरंच असतं, पण शरीराचंही बोलू. फिनलंडमधल्या रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास 2003 मध्ये आला. ज्यांचा दीर्घकाळ छळ झाला होता त्यांच्यात नैराश्य आणि हृदयविकार पुढे जास्त आढळले. 2018 मध्ये उत्तर युरोपातल्या कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात छळ सोसणाऱ्यांना टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका 46 टक्क्यांनी जास्त दिसला. 2019 मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या सुमारे 79 हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका 59 टक्क्यांनी जास्त निघाला. असे अभ्यास संबंध दाखवतात, प्रत्येक रुग्णामागचं कारण सिद्ध करत नाहीत. तरी 2019 च्या अभ्यासात धूम्रपान, वजन वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही हा फरक उरला, ही साधी बाब नाही.

रोजच्या जगण्यात ते आधी झोपेत दिसतं. पहाटे तीनला जाग येणं, कालच्या मीटिंगमधलं वाक्य डोक्यात फिरत राहणं. सुट्टी संपत आली की पोटात गोळा येणं. फोनवर एका विशिष्ट माणसाचं नाव दिसलं की छातीत धडधड. मग चुका होऊ लागतात, आणि त्या चुकाच पुरावा म्हणून पुढे केल्या जातात: ‘बघा, मी म्हणतच होतो.’ घरची माणसं चिडचिड झेलतात, त्यांचा हिशेब तर कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो.

जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर तक्रार, पुरावे हे सगळं नंतर. आधी घरातल्या कुणाला तरी आजच सांगा आणि डॉक्टरांना किंवा आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनला गाठा.

जे नुसते बघत असतात त्यांचं काय?

त्यांनाही बाधतं. प्रत्यक्ष त्रास न झालेल्या, पण तो होताना पाहणाऱ्या सहकाऱ्यांमध्येही ताणाची लक्षणं जास्त आढळतात, हे अभ्यासांतून दिसलं आहे. समोर एकाचा पाणउतारा होतो आणि बाकीचे सात जण मान खाली घालून लॅपटॉपकडे बघतात. त्या क्षणी सातही जण दोन गोष्टी शिकतात: तोंड उघडायचं नाही, आणि जमलं तर दुसरीकडे नोकरी बघायची.

हे किती जणांच्या बाबतीत होतं?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने लॉइड्स रजिस्टर फाउंडेशन आणि गॅलपसोबत 121 देशांत पाहणी केली, तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. काम करणाऱ्यांपैकी 17.9 टक्के लोकांनी, म्हणजे जवळपास सहातल्या एकाने, नोकरीच्या आयुष्यात कधी ना कधी मानसिक हिंसा किंवा छळ अनुभवल्याचं सांगितलं. सर्व प्रकारचा छळ आणि हिंसा धरली तर आकडा 22.8 टक्के. आणि त्यातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांनी ही गोष्ट कुणाला तरी सांगितली होती. म्हणून ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ हे वाक्य अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

कंपनीचं यात खरंच नुकसान होतं का? आम्हाला तर हिशेबात काही दिसत नाही.

दिसणार नाहीच. कुठल्याही ताळेबंदात ‘छळ’ नावाचं खातं नसतं. पैसा जातो तो आजारपणाच्या रजेत, भरतीच्या खर्चात, ट्रेनिंगमध्ये, ओव्हरटाइममध्ये, हातून गेलेल्या क्लायंटमध्ये आणि वकिलाच्या बिलात. प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव वेगळं असतं आणि प्रत्येक ठिकाणी एखादं सभ्य कारण तयार असतं. नोकरी सोडणाराही एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये ‘चांगली संधी मिळाली’ असंच लिहून जातो, कारण त्याला रिलीव्हिंग लेटर हवं असतं.

कागदावर एक टीम मांडून बघा. समजा, आठ जण आहेत आणि एक छळणारा टीम लीडर आहे. वर्षभरात दोघं सोडून गेले. प्रत्येक जागा तीन महिने रिकामी राहिली, नवीन माणसाला कामात रुळायला आणखी तीन महिने लागले. म्हणजे एका जागेमागे सहा महिन्यांचं काम अर्धवट, दोघांचे मिळून बारा महिने. त्यात एजन्सीची फी, मुलाखती घेणाऱ्यांचा वेळ आणि उरलेल्यांवर पडलेला भार. हे फक्त सोडून गेलेल्यांचं झालं. जे राहिले ते जेवढ्यास तेवढं काम करतात, नवी कल्पना मांडत नाहीत, आणि चूक दिसली तरी बोलत नाहीत. माझ्या मते सगळ्यात महाग हीच शेवटची गोष्ट आहे, आणि ती कधीच मोजली जात नाही.

उद्धट वागणुकीवरच्या, म्हणजे छळापेक्षा सौम्य प्रकारावरच्या, एका गाजलेल्या पाहणीत असा अनुभव आलेल्या 800 मॅनेजर आणि कर्मचाऱ्यांशी बोलणं झालं होतं. 48 टक्के लोकांनी कामातली मेहनत जाणूनबुजून कमी केली, 38 टक्क्यांनी दर्जा जाणूनबुजून खाली आणला, 80 टक्के लोकांचा कामाचा काही वेळ त्या प्रसंगाचा विचार करण्यात वाया गेला आणि 12 टक्क्यांनी नोकरीच सोडली. हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं.

देशपातळीवरचेही अंदाज आहेत. ब्रिटनमध्ये 2007 सालासाठी 13.75 अब्ज पौंडांचा अंदाज मांडला गेला. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने 2010 मध्ये वर्षाला 6 ते 36 अब्ज डॉलर असा आकडा दिला. किमान आणि कमाल यांत सहापट अंतर! ते बघून कुणी म्हणेल, हे सगळं हवेतलं. मी म्हणेन, खालचा आकडासुद्धा अब्जांत आहे.

रुग्णालयासारख्या ठिकाणी तर पैसा दुय्यम. ज्या ज्येष्ठ डॉक्टरला प्रश्न विचारला की अपमान होतो, त्याच्या चिठ्ठीवरचा डोस चुकीचा वाटला तरी नर्स दोनदा विचार करते. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2008 मध्ये याच कारणाने खास इशारा काढला होता: धाकदपटशाची वागणूक रुग्णाच्या सुरक्षिततेला धोका आहे.

पण तो आमचा सगळ्यात जास्त धंदा आणणारा माणूस आहे. त्याला कसं हात लावायचा?

छळणारा टिकतो तो बहुतेक वेळा याच वाक्यामुळे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या 2015 च्या एका संशोधन निबंधात 11 कंपन्यांमधल्या 50 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती वापरली होती. सर्वोत्तम 1 टक्क्यातला माणूस नेमून सुमारे 5,300 डॉलरचा फायदा होतो, तर विषारी वागणुकीचा माणूस टाळून सुमारे 12,500 डॉलर वाचतात, असा हिशेब निघाला. तिथे ‘विषारी’ म्हणजे गंभीर गैरवर्तनामुळे काढले गेलेले, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा प्रत्येक छळणाऱ्याला लावता येणार नाही. त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे: असे लोक कामाच्या वेगात सरासरीपेक्षा पुढे असतात. म्हणूनच ते इतके दिवस खपवून घेतले जातात.

त्याने आणलेला धंदा मोजताना त्याच्या टीममधून गेलेली माणसंही त्याच कागदावर लिहा. वजाबाकी करून मग बोला.

कायदा काय म्हणतो?

देशागणिक वेगळं. स्वीडनने 1993 मध्ये यावर स्वतंत्र नियम आणले. फ्रान्समध्ये 2002 पासून ‘नैतिक छळ’ (तिथे मानसिक छळाला हेच नाव आहे) हा गुन्हा आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात 2004 पासून, दक्षिण कोरियात 2019 पासून आणि जपानमध्ये मोठ्या कंपन्यांना 2020 व लहान कंपन्यांना 2022 पासून, छळ रोखण्याची जबाबदारी मालकावर आहे. ऑस्ट्रेलियात 2014 पासून कर्मचाऱ्याला छळ थांबवण्याचा आदेश मागता येतो. भारतात 2013 चा कायदा फक्त महिलांच्या लैंगिक छळापुरता आहे. सर्वसाधारण छळासाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे धमकी, बदनामी, मारहाण किंवा जातिवाचक अपमान यांच्या सर्वसाधारण तरतुदींचा आधार घ्यावा लागतो. तुमच्या प्रकरणात काय लागू होईल ते वकीलच सांगू शकेल.

फ्रान्स टेलिकॉम या फ्रान्समधल्या दूरसंचार कंपनीचा खटला मात्र प्रत्येक मोठ्या कंपनीच्या संचालकांनी वाचावा असा आहे. 22 हजार माणसं कमी करायची होती आणि त्यातले बरेच जण कायम नोकरीतले, म्हणजे सहज काढता न येणारे. मग वारंवार बदल्या, कामाची पदावनती, सतत दबाव, असं वातावरण तयार केलं गेलं की लोकांनी आपणहून जावं. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या झाल्या. डिसेंबर 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखासह वरिष्ठ अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं, आणि तेही ‘संस्थात्मक’ छळासाठी. कुणी कुणाला खोलीत बोलावून अपमान केला हे सिद्ध करायची गरज पडली नाही. धोरणच छळाचं होतं. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका कायम ठेवली.

पुरावा कसा ठेवायचा?

त्याच दिवशी लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं, तुम्ही काय उत्तर दिलं. विशेषणं नकोत. ‘साहेब फार वाईट वागले’ याचा उपयोग शून्य. असं लिहा: ‘मंगळवार, सकाळी 11.10, कॉन्फरन्स रूम, पाच जण हजर. माझं प्रेझेंटेशन दुसऱ्या स्लाइडवर थांबवलं. शब्द: हे शाळेतलं पोर पण करेल. काय बदलायचं ते विचारलं, उत्तर दिलं नाही. पुढची संधी दुसऱ्याला दिली.’

ही वही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. नोकरी गेली की लॉगिनही जातं. कंपनीची गोपनीय कागदपत्रं घरच्या ईमेलवर पाठवू नका, नाहीतर छळाचं प्रकरण बाजूला राहतं आणि तुमचीच चौकशी सुरू होते. तोंडी सूचना मिळाली की शांत भाषेत ईमेल टाका: ‘आपल्या बोलण्यानुसार मी अमुक काम तमुक तारखेला देतो. काही वेगळं असेल तर कळवावं.’ आवाज रेकॉर्ड करण्याबाबत कायदा ठिकठिकाणी वेगळा आहे, विचारूनच करा.

एचआरकडे जाऊन उपयोग होतो का?

कधी होतो, कधी नाही. एचआर कंपनीचा पगार घेतं, हे लक्षात ठेवून जा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि तुम्हाला काय हवं आहे ते स्पष्ट लिहा: टीम बदल, अप्रेझल दुसऱ्याकडून, की चौकशी. ‘मला न्याय हवा’ यावर कुणालाच काही करता येत नाही. कामगार संघटना असेल तर आधी तिथे बोला.

दोघांना समोरासमोर बसवून मिटवलं तर?

साधा मतभेद असेल तर उत्तम उपाय. छळ असेल तर बहुधा घात. ज्याच्या हातात अप्रेझल आहे त्याच्यासमोर बसून खरं कोण बोलणार? वर तो गोड बोलून सही करतो आणि दारं बंद झाली की वसुली सुरू होते.

मी मॅनेजर आहे. आमच्याकडे धोरण आहे, पोस्टर आहे. आणखी काय करायचं?

तुमचं धोरण कुणी शेवटचं कधी वापरलं ते बघा. मग टीमनिहाय राजीनामे आणि आजारपणाच्या रजा एका कागदावर काढा. एकाच माणसाच्या हाताखाली गर्दी दिसली तर तिथून सुरुवात करा. तक्रार छळणाऱ्याच्याच मार्फत वर जायची पद्धत असेल तर ती आधी मोडा. चौकशी त्या विभागाबाहेरच्या माणसाने करावी, मुदत ठरलेली असावी, आणि निकाल काय लागला ते तक्रारदाराला कळावं. तक्रार करणाऱ्याचीच बदली करणं हा सगळ्यात सोपा मार्ग असतो, आणि बाकीच्यांनी काय समजायचं ते ते बरोबर समजतात.

नोकरी सोडावी का?

तब्येत जात असेल तर हो, आणि त्यात हरण्यासारखं काही नाही. जमल्यास दुसरी नोकरी हातात आल्यावर. रागाच्या भरात मीटिंगमध्ये राजीनामा फेकला की नोटीस पिरियड, बाकी रजा आणि अनुभवपत्र हे सगळं समोरच्याच्या मर्जीवर जातं. राजीनाम्यात कारण लिहायचं की नाही, हे पुढे कायदेशीर पाऊल उचलायचं आहे का त्यावर ठरवा. उचलायचं असेल तर ‘वैयक्तिक कारण’ असं लिहू नका.

पुढच्या मुलाखतीत ‘आधीची नोकरी का सोडली’ विचारलं तर काय सांगायचं?

खोटं नको, पण सगळी कहाणीही नको. ‘तिथे कामाच्या अपेक्षा सतत बदलत होत्या, मला स्पष्ट जबाबदारी असलेलं काम हवंय’ एवढं पुरतं. मग तुम्हीही विचारा: या जागेवर आधी कोण होतं, ते किती दिवस राहिले, आणि या टीममधून गेल्या वर्षभरात किती जण गेले? उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो, तेही बघा.